उमरेड-कऱ्हांडला भागात जंगलाला लागून कायमचं राहायला जायचं आहे, काय काय तपासावं?

पळसपान
नमस्कार मंडळी. नोकरी नागपूरची, पण ऑफिसात आठवड्यातून दोनदाच जावं लागतं. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सुट्टीचं फार्महाऊस नको, गावातलं घर हवं आहे. मोहाचा हंगाम, पावसाळ्यात सात्या (रानातली अळंबी) आणि तरोट्याची भाजी, चार घरांची संगत, एवढ्यासाठीच हा विचार. दलालाने जंगलाला लागून एक एकर वावर (शेत) दाखवलं आहे, गावापासून अर्धा किलोमीटर. कागद साफ आहेत म्हणतो. जागा, घर, पाणी आणि जनावरं या बाबतीत जाणकारांनी नीट सांगावं.

धुरा_पांदण
ताई, इसार देऊ नका. आधी हे बघा.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. तुमच्या दोघांपैकी कोणाचंही नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नसेल तर विषय इथेच थांबतो. असेल तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 आहे की 2 ते बघा. वर्ग 2 म्हणजे विकायला परवानगी लागते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर आदिवासीच्या नावावर होत नाही. कोणी 'नोटरी करून देतो' म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

पूर्व विदर्भात सगळ्यात जास्त फसगत जुन्या महसुली कागदांत 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेल्या जमिनीत होते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ही नोंद सापडते. अशी जमीन वनजमीनच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी दिला आहे. जागेवर चार बोरी-बाभळी आणि गवत दिसतं, म्हणून लोक पडीक समजतात. आजच्या सातबाऱ्यावर भागू नका. पटवाऱ्याकडून जुना अधिकार अभिलेख आणि गावचं निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक जमिनी आणि त्यांच्या वापराची नोंद) काढून त्यात तोच गट नंबर शोधा. मग मोजणी करून घ्या, कारण जंगलाच्या बाजूचा धुरा (बांध) दर पिढीला दोन हात आत सरकलेला असतो. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात गट येतो का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारा. स्वतःच्या वावरातला साग किंवा मोह तोडायलाही परवानगी लागते.

आणि पांदण (वावराकडे जाणारी कच्ची वाट) बघायला उन्हाळ्यात जाऊ नका. काळ्या मातीच्या पांदणीतून ऑगस्टमध्ये मोटरसायकलही निघत नाही. घरात वयस्क माणूस आहे. 108 ची गाडी दारापर्यंत येते का, हा प्रश्न दृश्यापेक्षा मोठा आहे.

माझं मत विचाराल तर वावरात घर बांधूच नका, गावठाणातलं जुनं घर घ्या. तुम्हाला संगत हवी आहे ना, ती अर्धा किलोमीटर लांबून मिळत नाही.

कवेलू
वरच्याला पूर्ण अनुमोदन. गावठाणातल्या घराबद्दल थोडं.

काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि त्यासोबत भिंती तडकतात. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा. जोत्यात काळी माती अजिबात भरू नये. मुरूमच भरावा, तोही सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून ठोकत. जोतं किमान अडीच फूट. मातीची भिंत चांगली टिकते, फक्त छपराची वळचण तीन फूट बाहेर हवी, नाहीतर पश्चिमेची भिंत दोन पावसाळ्यांत खालून खंगते. उधई (वाळवी) लागू नये म्हणून लाकडी खांब जमिनीत पुरण्याऐवजी दगडी बैठकीवर उभे करा.

कवेलूचं (मातीच्या कौलांचं) घर उन्हाळ्यात सुखाचं, पण वानरं कवेलू फोडतात आणि दरवर्षी पावसाआधी फेरणी (कवेलू काढून परत रचणं) लागते. फेरणारी माणसं आता कमी आहेत, आधी विचारून ठेवा. नुसती टिनं टाकली तर मे महिन्यात दुपारी घरात बसवत नाही. टिनांवर कवेलू अंथरले तर गळती थांबते आणि तापही कमी लागतो. आतून बांबूचे तट्टे लावा.

पाणी: विहिरीची पातळी मे महिन्यात बघा. बोअरचं पाणी असेल तर फ्लोराइडची तपासणी कराच. एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघालं तर पिऊ नका. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढतं. अशा वेळी पिण्यापुरतं उघड्या विहिरीचं पाणी क्लोरीन टाकून वापरता येतं, पण तेही आधी तपासून.

जागल
वावर घेतलंच तर कुंपणाबद्दल. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय), दोघांसाठी सौर झटका मशीन (तारेत थांबून थांबून, जीव न घेणारा झटका सोडणारं) चालतं. पॅनेल, 12 व्होल्टची बॅटरी, मशीन आणि पाच तारा. सगळ्यात खालची तार जमिनीपासून आठ-दहा इंचांवर, कारण डुक्कर खालून घुसतं. वरची निदान पाच फुटांवर, रोह्यासाठी.

मशीन खराब आहे असं लोक म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा अर्थिंग खराब असतं. दहा-दहा फुटांवर तीन जीआय रॉड, पाच-सहा फूट खोल, भोवती कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात तिथे पाणी टाकत राहा, कोरड्या मातीत झटका बसत नाही. पावसाळ्यात उलटं होतं. गवत वाढून तारेला टेकतं आणि करंट जमिनीत जातो. तारेखालची दोन फूट पट्टी साफ ठेवा आणि मीटरने रोज बघा. सहा हजार व्होल्टच्या वर असावं, तीन हजारांच्या खाली आलं तर डुक्कर जुमानत नाही.

घरच्या लाइनचा करंट तारेत सोडणं म्हणजे गुन्हा. त्यात वाघ मरतात आणि जागलीला (रात्री पीक राखायला) जाणारी माणसंही मरतात. शेजारच्या वावरात असं काही दिसलं तर आधी पोलीस पाटलांना सांगा.

पळसपान
खूप आभार. झुडपी जंगलाचं माहीतच नव्हतं, उद्याच निस्तार पत्रकासाठी अर्ज करते. एक राहिलं: नवीन माणसाला जंगलातून मोहफुलं, सरपण आणता येतं का? आणि रात्रीचं काय सांभाळावं?

मोहाखाली
ताई, घर घेतल्याने जंगलावर हक्क येत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्यांसाठी 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची, वस्ती आणि जंगलावरचं अवलंबन लागतं. अभयारण्याच्या आत तर वेगळेच निर्बंध. शिवाय गावात कोणता मोह कोणत्या घराने वेचायचा, हे ठरलेलं असतं. तुम्ही फुलं विकत घ्या. सात्याही दारावर विकायला येतात. त्यात बायांच्या हातात पैसा जातो आणि तुमची ओळखही होते. ग्रामसभेला मात्र पहिल्यापासून जा, मतदार यादीत नाव इथे आणा.

मोह वेचायला कोणी सोबत नेलंच तर उजाडल्यावर आणि घोळक्याने. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, मार्च-एप्रिलमधले कितीतरी हल्ले अशाच वेळी होतात. झाडाखालचा पाला पेटवू देऊ नका, वणवा तिथूनच लागतो. जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली की फुलं स्वच्छ मिळतात.

रात्री: अंगणात खरकटं टाकू नका. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट. बकऱ्यांच्या गोठ्याला वरूनही जाळी हवी. वाघ-बिबट गावाजवळ दिसला तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक.

सासूबाईंना जमिनीवर झोपू देऊ नका. मण्यार रात्री घरात शिरतो, झोपलेल्या माणसाला चावतो, दुखत नाही आणि सूजही नसते. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, एवढ्याने बराच धोका टळतो. चावल्याची नुसती शंका आली तरी वर घट्ट आवळून बांधणं, कापणं काही नाही. हातपाय काठीला सैल बांधून स्थिर ठेवा आणि थेट दवाखाना. सर्पदंशाची लस आणि व्हेंटिलेटर दोन्ही कुठे आहेत, हे राहायला जायच्या आधी विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

धुरा_पांदण
एक जोडतो. विकत घ्यायच्या आधी त्याच गावात भाड्याने राहा, जूनपासून पुढच्या मेपर्यंत. पावसाळ्यातली लाइट, मोबाइलची रेंज आणि उन्हाळ्यातलं पाणी या तिन्ही गोष्टी दलाल सांगत नाही. निस्तार पत्रक हाती आलं की गट नंबर झाकून फोटो इथे टाका, बघून सांगतो.