मदत हवी आहे: प्राण्यांची नावे वाचणारा मुलगा वाक्यात अडतो

सर्वांना नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरात तेलुगू बोलली जाते आणि माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकतो. पाठ्यपुस्तक उघडले की दुसऱ्या ओळीलाच तो रडवेला होतो. प्राण्यांविषयी काही कानावर पडले, तर मात्र तासभर जागचा हलत नाही. म्हणून जूनपासून मी चित्रांखाली नावे लिहून पट्ट्या केल्या. बदक, मगर, तरस, घार, शेळी अशी जोडाक्षर नसलेली नावे आधी घेतली, त्यानंतर कुत्रा, म्हैस, बिबट्या. दिवाळीपर्यंत तो साठेक नावे न अडखळता वाचू लागला.

अडचण त्यापुढची आहे. पट्टीवरचा ‘कुत्रा’ चटकन ओळखणारा हा मुलगा वाक्यात ‘कुत्र्याला’ आले की थांबतो, आणि ‘ससा’ व ‘सशाने’ हा एकच प्राणी आहे हे त्याला पटत नाही. तेलुगूत ‘कुक्क’चे ‘कुक्ककु’ होते, म्हणजे मूळ शब्द तसाच राहून पुढे प्रत्यय लागतो. मराठीत प्रत्ययाआधी शब्दाचेच रूप पालटते आणि वर ‘त्र्या’सारखे तीन व्यंजनांचे जोडाक्षर समोर येते. त्यातच तेलुगूत ‘पिल्ली’ म्हणजे मांजर, त्यामुळे ‘कुत्र्याचे पिल्लू’ वाचून दाखवले तेव्हा कुत्र्याला मांजर कशी होईल, असे त्याने मला अगदी गंभीरपणे विचारले.

दुसरी शंका मला अधिक छळते. एकदा चित्र न देता ‘नगर’ लिहून दाखवले, तर त्याने ‘मगर’ वाचले. तो अक्षरे जोडून वाचतो आहे, की शब्दाचा आकारच लक्षात ठेवतो आहे?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे गेलो होतो. माळढोक दिसला नाही, पण काळविटांचा कळप दिसला, आणि त्यातले बहुतेक प्राणी तपकिरी असताना त्यांना काळवीट का म्हणतात, हे त्याला जाणून घ्यायचे होते. तोंडी उत्तर देण्याऐवजी मी घरी येऊन ‘मोठा नर काळा असतो. मादी तपकिरी असते.’ असे लिहून दिले, आणि ते त्याने आपणहून दोनदा वाचले. अशी साधी रूपेच काही महिने ठेवावीत, की ‘ससा–सशाला’, ‘घोडा–घोड्याला’ अशा जोडपट्ट्या आताच सुरू कराव्यात? प्राथमिक वर्गांना शिकवणाऱ्यांनी कृपया सांगावे. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घेण्याइतकी ही लक्षणे आहेत का, हेही कळले तर बरे होईल.

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीत १९९९ साली सुरू झालेल्या एका उपक्रमात मुले प्रशिक्षित कुत्र्यांना मोठ्याने वाचून दाखवतात; ऐकणारा चुका काढत नसल्याने त्यांची भीड चेपते. रेबीजच्या भीतीने मी मुलाला गल्लीतल्या कुत्र्यांजवळ बसू देत नाही, परंतु शेजारच्या आजींच्या शेळीला तो माझ्यापेक्षा कितीतरी मोकळ्या आवाजात वाचून दाखवतो. त्या वेळी झालेली चूक तिथेच सुधारावी, की नंतर वेगळ्या वेळी? हा प्रयोग कोणी केला असल्यास अनुभव अवश्य लिहावा.

सध्या त्याला तरसाविषयी वाचायचे आहे. जोडाक्षरे कमी असलेल्या, पण आठ वर्षांच्या मुलाला बाळबोध वाटणार नाहीत अशा आठ-दहा ओळी कोणी लिहून दिल्या, तर मी त्या मोठ्या अक्षरांत उतरवून घेईन.