मॉरिशसचे मूळ सस्तन प्राणी

हरीण आणि माकड मॉरिशसचे मूळचे आहेत असं काही जण धरतात, ते दुरुस्त करायला हवं. रुसा हरणं 1639 मध्ये डचांनी जावाहून आणली. माकडंही आग्नेय आशियातली. मुंगूस 1900 च्या सुमारास आपल्याकडून गेलं, उंदीर मारायला. पण उंदीर रात्री फिरतो आणि मुंगूस दिवसा, त्यामुळे ते पक्ष्यांवरही तुटून पडलं.

जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. त्यातलं लहान फळवाघूळ एकोणिसाव्या शतकातच संपलं. मोठं उरलंय. ते फळ चावून रस पितं, चोथ्याची चपटी गोळी थुंकतं आणि बिया दूर नेऊन टाकतं. रान त्यामुळेच उगवतं. वर्षाला पिल्लू एकच, तरी बागांतली लिची खातं म्हणून 2015 पासून सरकारनेच हजारो मारली. हे चुकलंच!

बागायतदारांनी जाळी लावावी. भोक इतकं बारीक हवं की करंगळी शिरू नये. जाळी सांगाड्यावर ताणून, फळांपासून हातभर लांब ठेवावी आणि खाली बुंध्याशी बांधावी. झाडावर सैल टाकली तर वाघूळ अडकून मरतं आणि टेकलेली फळं बाहेरूनच खाल्ली जातात.