मदत हवी आहे: हलकं क्रूड गोठतं, जड क्रूड वाहतं. थांबलेली लाइन सुटेल का?

दोन विहिरींचं क्रूड एकाच लाइनने पाठवायचं आहे. 'अ' हलकं आहे: घनता ०.८४, मेण १८ टक्के, पोअर पॉइंट (ज्याच्या खाली तेल वाहत नाही ते तापमान) ३३ अंश सेल्सियस. 'ब' जड आणि दाट: घनता ०.९३, पोअर पॉइंट उणे ९, आम्लांक (तेलातल्या आम्लांचं माप) १.८. लाइन जमिनीखालून जाते. आतला व्यास २०० मिमी, लांबी १२ किमी, मातीचं तापमान २२ अंश. तेल ६५ अंशांना आत शिरेल. पंप आणि लाइन दोन्हींची मर्यादा ६० बार.

'अ'चा नमुना ५० अंशांपर्यंत गरम करून पोअर पॉइंट पुन्हा काढला, तर तो ३३चा ३६ झाला. गरम केल्यावर वाढतो कसा? लाइन दोन दिवस बंद राहिली तर ६० बारवर सुटेल का, म्हणजे तेल पुन्हा वाहू लागेल का? आणि 'ब' जिवाणूंनी खाल्लेलं तेल आहे म्हणतात. मग असेच जिवाणू टाकीत सोडून 'अ'मधलं मेण कमी करता येईल का?

प्रतिसाद १

आधी पोअर पॉइंटचं. ५० अंशांना 'अ'मधलं मेण बहुतेक अर्धवटच विरघळलं. कमी वितळणबिंदूचं मेण विरघळतं, पण जड मेणाचे स्फटिक तसेच राहतात. नमुना थंड होताना विरघळलेलं मेण त्याच स्फटिकांवर चढतं, मोठ्या पातळ चकत्या तयार होतात आणि त्यांची जाळी तेलाला धरून ठेवते. म्हणून क्रूडच्या पोअर पॉइंटच्या आकड्याला आधीच्या तापमानाच्या इतिहासाशिवाय अर्थ नाही. एएसटीएम डी ५८५३ या प्रमाणित चाचणी पद्धतीत किमान आणि कमाल असे दोन आकडे काढतात ते याचसाठी. लाइनचा विचार करताना कमाल आकडा धरा.

नमुना बंद बाटलीतच ठेवा. बाटलीला मेण चिकटतं, त्यामुळे वरचं तेल ओतून घेऊ नका. अख्खी बाटली ८० अंशांना दोन तास ठेवून हलवा, मगच भाग काढा. झाकण उघडं राहिलं तर हलके घटक उडून जातात आणि पोअर पॉइंट खोटा वाढतो.

आता लाइन सुटण्याचं. साधा हिशोब असा: लागणारा दाब = ४ × लांबी × यील्ड स्ट्रेस (गोठलेलं तेल हलायला लागणारा किमान ताण) ÷ व्यास. तुमच्या ६० बारमधून भिंतीवर फक्त २५ पास्कल ताण मिळतो. गोठलेल्या तेलाचा यील्ड स्ट्रेस ५० पास्कल निघाला तर १२० बार लागतील. प्रत्यक्षात सगळ्या लाइनमधलं गोठलेलं तेल, म्हणजे जेल, एकदम तुटत नाही. ते थोडं दबतं आणि पंपाकडून पुढे सरकत तुटत जातं, त्यामुळे हा हिशोब सावध बाजूचा आहे. तरीही डिझाइन त्यावरच करावं, कारण अंदाज चुकला तर तेल आत अडकतं आणि बाहेरून गरम करण्याची सोय बहुधा नसते.

चाचणीसाठी ६ मिमी आतल्या व्यासाची, ३ मीटर लांब नळी घ्या. ती ६५ अंशांच्या तेलाने भरा, न हलवता हळूहळू २२ अंशांवर आणा आणि ४८ तास तशीच ठेवा. २५ पास्कल म्हणजे या नळीत ०.५ बार. दाब सावकाश वाढवा. ०.५ बारच्या आत तेल हललं नाही, तर तुमची लाइनही सुटेल असं धरू नका. नळी झटपट थंड करण्याचा मोह टाळा. थंड होण्याचा वेग बदलला की स्फटिकांचा आकार बदलतो आणि आकडा दिशाभूल करतो.

प्रतिसाद २

जिवाणूंच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. 'ब' तसं झालं ते साठ्यात, तेल-पाण्याच्या सीमेवर, भूवैज्ञानिक काळात. साधारण ८० अंशांपेक्षा जास्त तापलेल्या साठ्यांत ही प्रक्रिया सहसा थांबलेली असते. जिवाणू आधी सरळ साखळीचे अल्केन खातात, म्हणजे मेण जातं. शाखा असलेले आणि वलयी घटक, रेझिन, अस्फाल्टीन असे तेलातले जड घटक मागे राहतात, शिवाय नॅफ्थेनिक आम्लं वाढतात. म्हणून 'ब' जड आहे, आम्लांक जास्त आहे, तरी पोअर पॉइंट खाली आहे. गॅस क्रोमॅटोग्राम (तेलातले घटक वेगवेगळे दाखवणारा आलेख) काढलात तर 'अ'मध्ये ओळीने टोकं दिसतील, 'ब'मध्ये ती जाऊन नुसता उंचवटा उरलेला असेल.

टाकीत हे काही आठवड्यांत होणार नाही. घट्ट झालेलं मेण जिवाणूंना सहज मिळतही नाही. उलट तळाच्या पाण्यात सल्फेट कमी करणारे जिवाणू वाढले तर हायड्रोजन सल्फाइड तयार होईल आणि पत्र्याला खड्डे पडतील. टाकीचं पाणी नियमित काढत राहा.

मूळ प्रश्नकर्ता

मग 'अ'मध्ये 'ब' मिसळलं तर? आणि पोअर पॉइंट कमी करणारं रसायन?

प्रतिसाद १

दोन्ही करून बघण्यासारखं आहे. मिश्रणाचा पोअर पॉइंट सरासरीने येत नाही. १०, २०, ३०, ५० टक्के 'ब' घालून प्रत्येकाचा वेगळा काढा. 'ब'मधल्या अस्फाल्टीनमुळे मेणाची वाढ अडू शकते. पण पॅराफिनी हलक्या तेलात तेच अस्फाल्टीन वेगळं होऊन खाली बसूही शकतं, म्हणून प्रत्येक प्रमाणाची एएसटीएम डी ४७४० ठिपका चाचणी करा, म्हणजे कागदावर थेंब टाकून डाग बघा. डागात आतलं कडं दिसलं तर ते प्रमाण सोडून द्या. 'ब'ची आम्लं पाण्याचं इमल्शनही पक्कं करतात, तेव्हा मिसळण्याआधी दोन्हींमधलं पाणी वेगळं करा.

रसायन ३००, ५०० आणि ८०० पीपीएमवर तपासा. ते मेण दिसू लागण्याच्या तापमानापेक्षा १० ते १५ अंश वरच घालायचं. स्फटिक तयार झाल्यावर घातलं तर जवळजवळ वाया जातं. तुमचं मेण ५५ अंशांना दिसू लागत असेल तर ६५ अगदी काठावर आहे, रसायन घालण्याच्या जागी ७० ठेवा.

प्रतिसाद ३

लाइनच्या मध्यावर व्हॉल्व्ह असेल तर तिथे पंप जोडण्याची सोय आत्ताच ठेवा. एका वेळी ६ किमीच सोडवायचे असले की त्याच ६० बारमध्ये ५० पास्कल मिळतात. शेवटाकडचा अर्धा भाग आधी सोडवा. जेल अडलेलं असताना स्क्रेपर पिग (लाइन आतून खरवडत जाणारं साधन) घालू नका, पुढे मेण दाबलं जाऊन पक्का बोळा होतो. तेल हलू लागलं की थांबायचं नाही. लाइनमध्ये सुमारे ३७७ घनमीटर तेल मावतं, म्हणजे ताशी ४० घनमीटरने थंड तेल बाहेर पडायला साडेनऊ तास लागतील. तेवढा वेळ सलग पंपिंग होईल इतकं गरम तेल टाकीत आहे का, ते पंप चालू करण्याआधी मोजा.