कॅप्चर चिपचा ड्रायव्हर मेनलाइनमध्ये (लिनक्सच्या मूळ, अधिकृत कर्नलमध्ये) नसेल तर चिप घ्यावी का?

महापेवाला:
रबाळ्याच्या एका कारखान्यात आमचं लेबल तपासायचं मशीन आहे. कन्व्हेयरवर बाटल्या, वर कॅमेरा, १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम. तिथल्या आयटीवाल्यांनी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट करायला सांगितलं, तर कॅमेऱ्याचं चित्र आत घेणाऱ्या कॅप्चर चिपच्या कंपनीचा ड्रायव्हर नव्या कर्नलवर कंपाइलच होईना. त्यांचं उत्तर, 'या बोर्डासाठी ४.१४ हेच शेवटचं.' अहो, ४.१४ ची देखभाल जानेवारी २०२४ मध्येच थांबली! माझं मत: ड्रायव्हर मेनलाइनमध्ये नसलेली चिप फुकट मिळाली तरी घेऊ नये. व्हीफोरएलटू, म्हणजे लिनक्सची व्हिडिओ घ्यायची व्यवस्था, २००२ पासून कर्नलमध्ये आहे. तोशिबाच्या टीसी३५८७४३ चा, म्हणजे एचडीएमआयचं सीएसआय-२ (बोर्डावरच्या कॅमेऱ्याची जोडणी) करणाऱ्या चिपचा, ड्रायव्हर २०१५ पासून आहे. मग बाकीच्यांना काय धाड भरलीय?

वागळेकर:
असहमत. मेनलाइनवर आमचा सेन्सर लगेच दिसला, पण चित्र हिरवंगार. आयएसपीचं (सेन्सरच्या कच्च्या चित्राचे रंग-उजेड सुधारणाऱ्या भागाचं) ट्यूनिंग कंपनीच्या बीएसपीतच, म्हणजे बोर्डासोबत मिळणाऱ्या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच होतं. ग्राहकाला पाडव्याला मशीन हवं असतं, त्याला तुमचं मेनलाइन काय करायचंय?

महापेवाला:
पाडवा एकदाच येतो, सपोर्टचे फोन मात्र पाच वर्षं येतात. कर्नलच्या आतला एपीआय (ड्रायव्हर ज्या फंक्शनांवर चालतात तो सांधा) स्थिर ठेवणार नाही, हे त्यांचं जाहीर धोरण आहे. बाहेरचा ड्रायव्हर दर वेळी ठिगळं लावून चालवावा लागतो, आणि ती लावायची आपणच.

ऐरोलीकर:
दोघंही ड्रायव्हरलाच का धुताय? जरा हिशेब मांडा. १९२० गुणिले १०८०, पिक्सेलला २ बाइट, म्हणजे एक फ्रेम ४१,४७,२०० बाइटची. सेकंदाला जवळपास २४९ एमबी. एका फ्रेमला वेळ मिळतो १६.७ मिलिसेकंद. आमचा बफर (फ्रेम ठेवायची मेमरी) कॅशेबाहेर, म्हणजे सीपीयूजवळच्या वेगवान मेमरीबाहेर होता, तो नुसता कॉपी करण्यातच निम्मा वेळ जायचा. म्हणून एकाने हुशारी करून कॅशे चालू केला, तर चित्रात बारीक आडव्या चिंध्या! मागच्या बाटलीचं लेबल पुढच्या बाटलीवर. स्क्रीनशॉट मोठा करून मोजलं, प्रत्येक चिंधी बरोबर ३२ पिक्सेलची. कॅशेची एक ओळ ६४ बाइटची, तेव्हा ट्यूब पेटली. डीएमएने (सीपीयूला वगळून थेट मेमरीत लिहिणाऱ्या हार्डवेअरने) मेमरीत नवी फ्रेम टाकलेली, सीपीयू आपला कॅशेतलं शिळंच वाचतोय. शेवटी डीएमए-बफ (एकच बफर दोन उपकरणांत वाटून घ्यायची कर्नलची सोय) वापरून बफर थेट एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ आकुंचित करणाऱ्या भागाला दिला, कॉपीच नाही. ते २०१२ पासून कर्नलमध्ये आहे, म्हणजे तुमच्या ४.१४ मध्येही.

वागळेकर:
+१. किती दिवस गेले शोधायला?

ऐरोलीकर:
नऊ. त्यातले सहा केबल बदलण्यात.

महापेवाला:
माहिती झकास, पण माझा प्रश्न वेगाचा नव्हता, अपडेटचा होता. अपडेट होत नाही म्हणून तूर्त मशीनची लॅन केबल काढून ठेवलीय, रिपोर्ट पेनड्राइव्हवर नेतात. आता त्या पेनड्राइव्हसाठी आयटीवाल्यांची रोज सही लागते.