१९६५ ची एमजीबी, एमएक्स-५ चं इंजिन: सुरुवात कुठून करू?

वंगणाचे_हात:
नमस्कार मंडळी. बाबांची १९६५ ची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश, उघडी स्पोर्ट्स कार) आता माझ्याकडे आहे. मूळच्या १७९८ सीसी इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेलाय. त्याजागी माझ्दाच्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चं १.८ लिटर इंजिन, त्याच्याच पाच गिअरच्या गिअरबॉक्ससकट बसवायचंय. ९५ हॉर्सपॉवरची गाडी १३० च्या आसपास जाईल, पण मला वेगापेक्षा सकाळी एका चावीत सुरू होणारी गाडी हवी आहे. अट एकच, बोनेट कापायचं नाही. बाबा दर रविवारी ते पिवळ्या फडक्याने पुसायचे. आधी माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते आधार) करू की वायरिंग?

जुना_स्पॅनर:
दोन्ही नको, आधी दाराखालचे सिल (बॉडीच्या कडेचे पोकळ पत्र्याचे भाग) बघा. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, आणि रोडस्टरला छप्परही नाही, म्हणून भार सिलवरच येतो. गाडी चाकांवर असताना दाराच्या मागची फट मोजा, मग सिलच्या मधोमध जॅक लावून पुन्हा मोजा. फरक पडला तर आत गंज आहे.

मी हे केलं नव्हतं. माउंट पक्के वेल्ड केले, नंतर सिल बदलताना बॉडी सरकली आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल (मागची चाकं फिरवणारा गिअरसंच) एका रेषेत राहिले नाहीत. साठच्या पुढे गेलं की सीटखाली घरघर. सगळे माउंट परत कापले. म्हणून सिल झाल्यावरच इंजिन-गिअरबॉक्स जोडून आत ठेवा, बोनेट लावून वरची जागा बघा आणि माउंटना नुसते टाके मारा. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन (त्यात शिरणारा दांडा) समांतर आले की मगच पक्कं वेल्डिंग.

तांब्याची_तार:
काकांशी सहमत. फक्त वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरी बघा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. तसाच ठेवून ईसीयू (नव्या इंजिनाचा कॉम्प्युटर) जोडलात तर तो जळेल. प्लस-मायनस उलटवल्यावर मूळ टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) चालणार नाही, कारण तो कॉइलच्या तारेतला करंट मोजतो. आतली यंत्रणा बदलून घ्या, डायल तोच राहू द्या.

पेट्रोलचंही आहेच. मूळच्या एसयू कार्ब्युरेटरला पेट्रोलचा जेमतेम ३ पीएसआय दाब लागतो, नव्या इंजिनाच्या इंजेक्शनला ४० च्या वर. शिवाय वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या कप्प्यातलं पेट्रोल ते सांभाळून घेतं, इंजेक्शन लगेच अडखळतं. मध्ये एक छोटी सर्ज टँक (नेहमी भरलेली राहणारी जोडटाकी) बसवाच.

वंगणाचे_हात:
आत्ताच मोजून आलो. उजवीकडे काही नाही, डावीकडे जॅक लावल्यावर फट ३ मिलिमीटरने बदलली. सीटमागचं बॅटरीचं झाकण उघडलं तर आतून पेन्सिलने बाबांच्या अक्षरात लिहिलंय, ‘प्लस बॉडीला. विसरू नको.’ झाकण रंगवणार नाही. काका, डावं सिल कापताना दाराच्या चौकटीला आधाराची पट्टी कुठून कुठे लावू?

जुना_स्पॅनर:
पुढच्या बिजागरीपासून मागच्या लॉकच्या खांबापर्यंत, आणि गाडी चारही चाकांवर असतानाच. दार काढण्याआधी फटीचे आकडे लिहून ठेवा.