मोरपंखी आतून तपकिरी पडतेय, छाटू का?

बाल्कनीवाली_धायरी
नमस्कार मंडळी, पश्चिमेच्या बाल्कनीत मोरपंखी आहे, दिवाळीच्या सुमारास नर्सरीतून आणलेली, कंबरेएवढी. थंडीभर मस्त होती पण होळी झाली आणि आतली पानं तपकिरी व्हायला लागली, हात लावला की भुगा पडतो, आणि आता भिंतीकडच्या बाजूची बाहेरची पानंपण राखाडी, मरगळलेली दिसतायत. पाणी रोज घालते. सासूबाई म्हणतात मोरपंखी एकटी लावतच नाहीत, जोडी लागते 😀 शेजारच्या काकू म्हणतायत वाळक्या फांद्या बुडापासून उडव, नवीन फूट येईल. उडवू?

गच्चीवरची_माती
अजिबात नको! जास्वंद कशीही कापली तरी फुटते, हिचं तसं नाही. जुन्या फांदीवर हिरवं उरलं नसेल तर तिथून परत फूट येत नाही, तेवढं भगदाड कायमचं राहतं. हिरवे शेंडे वरवर कातरले तर चालतं. आतली पानं वाळणं बऱ्याचदा नॉर्मल असतं, तिथे ऊन पोचत नाही म्हणून जुनी पानं गळतात, हाताने झाडून काढा म्हणजे हवा खेळेल. पण बाहेरची राखाडी झालीयेत ना, तिथे मला लाल कोळीचा (पानांचा रस शोषणारा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव) संशय येतोय. पांढरा कागद धरून त्यावर ती फांदी जोरात झटका आणि ठिपके चालतात का बघा.

कुंडीवाला_काका
कोळी असेल नसेल, रोज पाणी कशाला? बोट दोन इंच खुपसून बघायचं, ओलं लागलं तर त्या दिवशी सुट्टी. नर्सरीवाले चिकट मातीचा गोळा देतात, तो सुकला की पाणी कडेकडेने खाली निघून जातं आणि गोळा आतून ठणठणीत कोरडा, नाहीतर खालचं भोक बुजलेलं असतं आणि मुळं कुजतात, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे झाड सारखंच वाळतं, म्हणून बोट घालून बघा म्हणतोय. कुंडी बदलायची तर आता उन्हाळ्यात नाही, पाऊस सुरू झाला की. माती, शेणखत आणि चांगली मूठभर जाड वाळू. गोळा फोडायचा नाही, कडेने थोडा मोकळा करायचा बस.

बाल्कनीवाली_धायरी
अहो कागदावर खरंच ठिपके चालतायत!! बोटाने चिरडले तर लालसर रेघ उमटली. भोकपण बघितलं, ते मोकळं आहे. गुलाबासाठी आणलेलं कीटकनाशक घरात पडलंय, ते मारू?

गच्चीवरची_माती
नको. कोळी म्हणजे किडा नाही, आठ पायांचा प्राणी, बऱ्याच साध्या कीटकनाशकांनी तो मरत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकिडे मरतात आणि हा अजून फोफावतो. आधी सकाळी पाइपने जोरात पाणी मारून झाड आतून बाहेरून धुवा, कोरडी हवा आणि धूळ त्याला फार आवडते. मग एक लिटर पाण्यात ५ मिली निमतेल, चार थेंब भांड्याचं लिक्विड, ऊन उतरल्यावर फवारा. अंडी राहतात, त्यामुळे आठवड्याने परत, पुन्हा परत. भिंतीकडची बाजू अधूनमधून फिरवत जा, तापलेल्या भिंतीची धग लागते.

विद्या_वहीतली
आमच्याकडे हिला विद्या म्हणायचे, वहीत पान ठेवून पेन्सिलीची साल घालायचो 😄 दोन मुद्दे राहिले. एक, कोळी बघून घाबरून झाड हॉलमध्ये नेऊ नका, हिला चार-पाच तास ऊन लागतंच, आत ठेवली की विरळ होत जाते. आणि मोरपंखीला थुजापण म्हणतात, पण नेटवर थुजाची माहिती वाचाल ती बरीचशी थंड देशांतल्या वेगळ्या झाडाची असते, आपली मूळ चीनकडची, तिला पूर्वी थुजातच धरायचे.

दुसरं, जोडीचं सासूबाईंना सांगा, नर आणि मादी शंकू (फुलांऐवजी हिला येतात ती छोटी बोंडं) एकाच झाडावर येतात, ती एकटीच संसार करते. मादी शंकू निळसर हिरवे, छोटी शिंगं असल्यासारखे, वाळून तपकिरी होऊन उकलले की बिया काढून पेरा, रोपं येतात. त्यातलं एक शेजारी ठेवलं की जोडीपण झाली.

बाल्कनीवाली_धायरी
हे सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या आता शंकू शोधतायत. पाइप बाल्कनीपर्यंत पोचत नाही, बाथरूमच्या हँड शॉवरखाली नेऊन धुते. काकूंना कात्री परत केली.