शब्दचर्चा: ‘रिडीम’ला ‘सोडवणे’ चालेल का?

अर्धविराम
एका अमेरिकन ख्रिस्ती प्रणयकादंबरीचा अनुवाद चालू आहे. काळ 1851, जागा ओरेगन. नायिका कॅलिफोर्नियातल्या एका खाणवस्तीतल्या कुंटणखान्यात अडकलेली. मालकिणीच्या वहीत तिच्या नावावर कपडे, जेवण, खोलीभाडं असं कर्ज चढत गेलेलं. नायक ते औंसाला 16 डॉलर या भावाने सोन्याचा चुरा तोलून फेडतो. वाटेत ती त्याला ऐकवते, घड्याळ गहाणातून सोडवलंस तसंच मलाही सोडवलंस. मुळात दोन्हीकडे ‘रिडीम’. चार प्रकरणांनंतर एक फिरता पाद्री तेच क्रियापद ख्रिस्ताबद्दल वापरतो आणि ती दचकते. पुढचा सगळा भाग त्या दचकण्यावर उभा आहे.

मी तिन्हीकडे ‘सोडवणे’ ठेवलं होतं. संपादकांनी घड्याळ सोडवलेलं राहू दिलं, बाईचा ‘उद्धार’ केला आणि प्रवचनात ‘तारण’ घातलं. म्हणजे दुवाच गेला. त्यांचं म्हणणं, ‘सोडवणे’ला वजन नाही, गणितं सोडवतात. मत द्या.

खडूस_समीक्षक
उद्धार तर नकोच. ‘त्याने तिचा उद्धार केला’ वाचून निम्म्या लोकांना वाटेल की त्याने तिला शिव्या घातल्या. सात पिढ्यांचा करतात तोच उद्धार. आणि ज्यांना तसं वाटणार नाही त्यांना अहल्या आठवेल. शिळा पडून आहे, पाय लागला, काम झालं. या कादंबऱ्यांतल्या नायिका शिळा नसतात. त्या तीनतीनदा पळून जातात.

मोल्सवर्थचा_भाचा
उद्धार म्हणजे वर काढणं, उचलून घेणं. जीर्णोद्धारात कोण कोणाला शिव्या देतं? मराठी बायबलात ईयोब 19:25 ला ‘उद्धारक’ आहे आणि तिथे मूळ हिब्रू शब्द ‘गोएल’, म्हणजे नेमका सोडवणारा. शिवीचा अर्थ उपरोधातून आला. उपरोधामुळे शब्द बाद करायचे तर ‘शहाणा’ही टाकून द्या.

दस्तऐवज
शब्द कायद्याच्या घरचा आहे, म्हणून दोन ओळी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882, कलम 60: गहाण ठेवणाराला कर्ज फेडून मालमत्ता परत घेण्याचा हक्क. कायद्याच्या मराठीत विमोचन, बोलण्यात गहाण सोडवणं. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे स्थावर गहाण सोडवून घ्यायला 30 वर्षं मिळतात.

आता मुद्दा. गहाण सोडवतो तो मूळचा मालक. दुसऱ्याची वस्तू पैसे देऊन घेतली तर ते सोडवणं होत नाही, ती खरेदी. घड्याळ नायकाचंच होतं, म्हणून ते सोडवलं. बाई त्याची कधीच नव्हती. तेव्हा ती ‘मलाही सोडवलंस’ म्हणते त्यात आभार नसून टोमणा आहे: मी तुझी वस्तू कधी होते? प्रवचनात तिला कळतं की इथे सोडवणारा मूळचा धनी असल्याचा दावा करतोय. दचकते ती त्यामुळे. ‘उद्धार’मध्ये मालकीचा हा प्रश्न येतच नाही. ‘सोडवणे’त येतो.

सांजघंटा
दस्तऐवज, अगदी बरोबर. शिवाय या प्रकारच्या बऱ्याच कथानकांचा सांगाडा बायबलातल्या होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकातून येतो. होशेय 3:2 मध्ये तो 15 शेकेल रुपं आणि दीड होमर सातू देऊन दुसऱ्याकडे गेलेल्या बाईला घेतो. शेकेल साधारण साडेअकरा ग्रॅमचा धरला तर 170 ग्रॅमच्या आसपास चांदी. निर्गम 21:32 मध्ये गुलामाची भरपाई 30 शेकेल आहे. 15 त्याच्या निम्मे, उरलेलं धान्यात भागवलेलं दिसतं. पण ती आधीपासून त्याची बायको आहे, हे विसरू नका. म्हणून व्यवहार खरेदीचा दिसला तरी अर्थ सोडवण्याचा. गंमत अशी की त्या ओवीत हिब्रू क्रियापद साधं विकत घेण्याचं आहे. ‘पादा’ आणि ‘गाअल’ ही सोडवण्याची दोन्ही क्रियापदं 13:14 ला जोडीने येतात.

संपादकांचं ‘तारण’ मात्र चुकलंय. आम्हा ख्रिस्ती लोकांत तारण म्हणजे साल्व्हेशन, आत्म्याची सुटका, सगळा परिणाम मिळून. रिडेम्प्शन हा त्यातला किंमत मोजण्याचा भाग. त्यासाठी मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, शब्द आहे खंडणी. मत्तय 20:28 मध्ये ख्रिस्त आपला जीव खंडणी म्हणून द्यायला येतो.

उनाडटप्पू
‘पाद्रीबाबा म्हणाले, तुझ्यासाठी खंडणी भरली गेली आहे.’ पुढच्या प्रकरणात क्राइम ब्रँच 😄

मोल्सवर्थचा_भाचा
हसा. खंडणी म्हणजे खंडून ठरवलेली रक्कम. जमीन खंडाने देतात तो खंड तोच. मराठेशाहीत खंडणी हा राजरोस करार होता, गुंडगिरीचा अर्थ नंतर चिकटला. आणि तारण म्हणाल तर बँकेतलं आणि देवळातलं तारण एकच आहे, जे सावकाराला तारतं ते तारण.

दस्तऐवज
ऐकायला गोड व्युत्पत्ती आहे. पण तारण हा करार नव्हे, ती ठेवलेली वस्तू. तारण ठेवतात आणि गहाण सोडवतात. ‘ख्रिस्ताने आपलं तारण केलं’ हे वाक्य पतपेढीच्या लिपिकाला विचारून पाहा.

तळटीप
हाताने करायचं काम सांगते, व्युत्पत्ती नंतर भांडा. अशा पुस्तकात हा शब्द आणि त्याची पिल्लं किमान चार कामं करतात. संहितेत ‘रिडीम’ शोधून प्रत्येक जागेला आधी रंग द्या, मराठी शब्द मग.

पहिला रंग पैशाचा आणि जमिनीचा. तिथे सोडवणे, फेडून घेणे. शंका नाही.

दुसरा उपासनेचा: प्रवचन, प्रार्थना, स्तोत्र. इथे ख्रिस्ती मराठीत रुळलेला शब्दच हवा, स्वतः घडवू नका. पण दुवा सांभाळायचा तर पाद्रीच्या तोंडी आधी ‘दाम भरून सोडवलं’ येऊ द्या, त्याच वाक्यात पुढे ‘मुक्ती’. वाचकाला दोन्ही मिळतं.

तिसरा रंग नायकाच्या भूतकाळाचा. हा माणूस बहुतेकदा कुठल्या तरी लढाईतून, जुगारातून किंवा भावाच्या मरणातून आलेला असतो आणि त्याला स्वतःला ‘रिडीम’ करायचं असतं. इथे प्रायश्चित्त किंवा पापक्षालन बसतं, आणि बसू द्यावंच, कारण त्याचं ते करणं फसणार असतं. प्रायश्चित्त ज्याचं त्याने घ्यायचं. ख्रिस्ती रिडेम्प्शन दुसऱ्याने भरायचं. पहिले दोन तृतीयांश पुस्तकभर तो प्रायश्चित्त करत राहतो, लाकडं फोडतो, कुंपण घालतो, बोलत नाही. मग थकतो. त्यानंतर शब्द बदला. सुरुवातीपासून मुक्ती-मुक्ती केलंत तर बदलायला हातात काही उरत नाही.

चौथा रंग, ‘रिडीमिंग क्वालिटी’. जमेची बाजू. इथे धर्म आणू नका.

आणि सगळ्यात जास्त बिघडतं ते कर्त्यात. ‘नायकाने तिला वाचवलं’ असं एकदा लिहिलं की तो तारणारा ठरतो. या प्रकाराचा अलिखित नियम नेमका उलटा: नायकाने कर्ज फेडावं, छप्पर द्यावं, न्यूमोनियात रात्रभर उशाशी बसावं, पण तारू नये. तिचा विश्वास त्याच्यासाठी ठेवलेला असून चालत नाही. म्हणून बहुधा ती निर्णय घेते तेव्हा तो खोलीत नसतो. अकर्मक क्रियापदं वापरा, ‘ती सुटली’, ‘तिची सुटका झाली’. ‘त्याने’ कमी करा.

अर्धविराम
तिसऱ्या रंगाचं डोक्यातच आलं नव्हतं. नायकाच्या बाबतीत ‘माणसात आला’ कसं वाटतं?

खडूस_समीक्षक
फर्मास. ‘वठणीवर आला’पेक्षा शंभर पटीने बरं. बघा, अस्सल मराठी मिळालं ना? खंडणी, विमोचन कशाला हवंय. हे पुस्तक आठशे रुपयांत घेणाऱ्या वाचकाला सुवार्ता नकोय, गोष्ट हवीय. विश्वासच्या जागी सरळ श्रद्धा घाला.

सांजघंटा
श्रद्धा नको. एक तर कुठलाही मराठी ख्रिस्ती माणूस ‘माझी ख्रिस्तावर श्रद्धा आहे’पेक्षा ‘विश्वास आहे’ म्हणेल, मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक ‘विश्वासणारे’. दुसरं, प्रेमकथेत विश्वासाची सोय केवढी आहे. तिचा नवऱ्यावर विश्वास नाही आणि देवावरही नाही, दोन्ही एकाच शब्दात. इंग्रजीला ट्रस्ट आणि फेथ असे दोन लागतात. फुकट मिळालेलं कशाला घालवायचं?

तसाच फुकटचा शब्द ‘विजोड’. 2 करिंथ 6:14, विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका. या कादंबऱ्यांचं लग्न याच ओवीवर अडतं. दोघांपैकी एक अविश्वासी असेल तर लेखिकेला लग्न लावता येत नाही, म्हणून सोयीचं लग्न आधी उरकतात आणि पेच नंतर काढतात.

आणि वाचकाला परकं वाटेल म्हणून धर्म पातळ करायचा असेल तर केडगावला जाऊन पाहा. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये नेमक्या अशाच, बाजारातून बाहेर काढलेल्या बायकांसाठी वेगळं घर केलं. नाव कृपासदन. उद्धारगृह नाही, सुधारगृह नाही. शब्द निवडताना त्या फार काटेकोर होत्या, अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं त्यांनी.

खडूस_समीक्षक
रमाबाईंना मानतो. पण त्याच नियमाने रेव्हरंड टिळकांनी अभंग लिहायला नको होते आणि फादर स्टीफन्सनी क्रिस्तपुराणात वैकुंठ आणायला नको होतं. 1616 मध्ये चाललं ते आज का नाही?

उनाडटप्पू
माझा प्रश्न राहिला. सलूनचं काय करताय? ‘तो धुळीने माखलेला, बंदूक कमरेला, थेट सलूनमध्ये शिरला.’ मराठी वाचक म्हणणार, दाढी करायला.

तळटीप
गुत्ता. खाणवस्तीत तंबूत किंवा कच्च्या फळ्यांच्या खोपटात दोन पिंपं आणि त्यांवर एक फळी, याला बार म्हटलं तर झुंबर दिसायला लागतं. चिमूटभर सोन्याचा चुरा म्हणजे एक डॉलर असा हिशेब चाले, म्हणून गुत्तेवाला अंगठा मोठा असलेला हवा. कोठा मात्र टाळा, लगेच तबला वाजतो.

ओरेगनची मराठी हवी असेल तर जी. ए. कुलकर्ण्यांनी कॉनराड रिक्टर हा अमेरिकन कादंबरीकार मराठीत कसा आणला ते पाहा. ‘रान’, ‘गाव’, ‘शिवार’. मुलूख ओहायोचा आहे, पण जंगल तोडून वस्ती करणाऱ्यांची भाषा तिथे तयार मिळते. शिवार हा शब्द तर उचलाच.

दस्तऐवज
जमिनीचा विषय निघालाच आहे तर तारखा तपासा. ओरेगनचा दान-जमीन कायदा सप्टेंबर 1850 चा. 1 डिसेंबर 1850 पूर्वी तिथे राहायला आलेल्या एकट्या पुरुषाला 320 एकर, लग्न झालेल्या जोडप्याला 640, आणि त्यातला अर्धा हिस्सा बायकोच्या स्वतःच्या नावावर. लग्न 1 डिसेंबर 1851 पर्यंत झालेलं हवं. चार वर्षं राहून कसायची अट. म्हणजे तुमच्या नायकाला बायको घाईने का हवी ते उघड आहे, आणि तिला कळलं तर 320 एकर तिचे आहेत. होमस्टेड कायदा 1862 चा, त्यातले 160 एकर आणि पाच वर्षं इथे आणू नका. संपादकाच्या टिपेत ते आलं असेल तर खोडा. आणि ‘दान’ शब्दावर फार भाळू नका, ज्यांची जमीन होती त्या मूळ रहिवाशांशी करार पुरे व्हायच्या आतच वाटप सुरू झालं होतं.

अर्धविराम
टिपेत होमस्टेडच आहे. धन्यवाद. म्हणजे बायकोला स्वतःच्या नावावर जमीन, आणि नवऱ्याने सोडवलेली… हे मूळ लेखिकेने वापरलंय का ते पुन्हा पाहते. पाद्री म्हणू की पाळक?

सांजघंटा
पाळक एका मंडळीला बांधलेला असतो. तुमचा मेथडिस्ट, घोड्यावरून वस्त्या फिरणारा. विलामेट खोऱ्यात त्यांचं मिशन 1834 पासून. ‘फिरता उपदेशक’ म्हणा. पाद्री बाहेरच्यांनी म्हणायचं.

मोल्सवर्थचा_भाचा
सांजघंटा, मगाशी तुम्ही दीड होमर सातू लिहिलंत. सातू म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ, संस्कृत सक्तु. होशेयाने पीठ दिलं का?

सांजघंटा
शास्त्रात सातू म्हणजे जव. धान्य. पीठ असेल तिथे पीठ म्हटलेलं असतं.

उनाडटप्पू
आमच्याकडे सातूच्या पिठात गहू आणि डाळं असतं, जवाचा पत्ताही नसतो.

दस्तऐवज
होमर हे माप आहे, वजन नव्हे, अंदाजे 200 लिटर. त्याचा मण करणाऱ्यांनी जपून. तोलाचा मण 40 शेरांचा, मापाचा 12 पायल्यांचा.

मोल्सवर्थचा_भाचा
बारा पायल्या तुमच्याकडे. आमच्या तालुक्यात सोळा.